कुयली चावत नाही तो हात

“भाजू नका,” बाई म्हणाल्या. “मला आतलं बी नको आहे. वरची लव हवी आहे.”

मी डाव्या हातात पेटलेली काडी धरून वळलो. समोर कातळावर खाजकुयलीच्या शेंगांचा ढीग होता. वाऱ्याच्या वरच्या अंगाला माझा मेहुणा कुशाबा नाकातोंडाला फडकं बांधून उभा होता आणि त्याच्याही मागे या पुण्याच्या डॉक्टरीणबाई, हातात रबरी मोजे घालून. कुयलीचं बी औषधात जातं. ते आम्ही व्यापाऱ्याला घालायचो, आणि शेंगेवरची सोनेरी लव जाळून टाकायचो, कारण ती अंगाला लागली की शहाणा माणूसही धोतर सोडून पळतो. सगळं जग बी ठेवतं आणि लव टाकतं. या बाई लव ठेवून बी टाकायला निघाल्या होत्या. फार शिकल्यावर माणसाचं असं होत असावं, असं मला वाटलं.

लवेचं काय करणार, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “माणसांच्या हाताला लावणार.”

कुशाबा फडक्याच्या आत हसला. तेवढ्यात काडी माझ्या बोटांपर्यंत जळत आली आणि तिथेच विझली. मी ती टाकून दिली आणि ढिगातल्या चार शेंगा उघड्या हातानं उचलून बाईंच्या डब्यात घातल्या. लव माझ्या हातभर पसरली. मी ती पीठ झटकावं तशी झटकली.

बाई माझ्या हाताकडे बघतच राहिल्या.

“काका, तुम्हाला खाजत नाही?”

झालं. याच प्रश्नाची मी वाट पाहत असायचो. मी सावकाश सांगितलं की दुंदा भवारीला कुयली चावत नाही. गेली पाच-सहा वर्षं आमच्या वाडीत आणि आजूबाजूच्या वाड्यांत हे पोरासोरांना ठाऊक होतं. बाकीचे पहाटे दवात, लव ओली असताना शेंगा तोडायचे, अंगाला शेण फासून यायचे. मी उन्हं वर आल्यावर, बाह्या सरसावून यायचो. टोळीत पुढे मी, मागे सगळे. बायका मुलांना दाखवायच्या. माझ्याकडे मंत्र आहे असं लोक म्हणायचे आणि मी नाही म्हणत नव्हतो. शेंगेला हात घालण्याआधी मी ओठ हलवायचो. काय पुटपुटायचो, ते आज सांगायला हरकत नाही. खैऱ्या, चांद्या, भिंगऱ्या. माझ्या मेलेल्या बैलांची नावं. दुसरं काही पाठ नव्हतं.

कुशाबा त्या मंत्रासाठी माझ्यामागे हात धुऊन लागला होता. मी त्याला म्हणायचो, वेळ आली की देईन. तो चारचौघांत म्हणायचा, “दाजींचा मंत्रबिंत्र काय नाय. गुपचूप तेल लावत्यात हाताला.” त्याच्या या बोलण्यानं माझा जीव जळायचा, कारण त्यात थोडं तथ्य होतं. तेलाचं नव्हे. लव हातावर पडली तर मला खरंच काही होत नसे, पण मानेवर पडली तर इतरांसारखीच आग व्हायची. मग मी लघवीचं निमित्त काढून करवंदीच्या जाळीमागे जायचो आणि गुरासारखी मान खडकावर घासायचो. परत येताना तोंड असं ठेवायचो की जणू देवदर्शन करून आलो.

बाईंचं नाव डॉक्टर फरीदा मुजावर. कातडीच्या रोगांच्या डॉक्टर होत्या, मोठ्या दवाखान्यात विद्यार्थ्यांना शिकवायच्या आणि खाजेचा अभ्यास करत होत्या. खाजेचा अभ्यास करायला पगार मिळतो हे ऐकून कुशाबानं तोंडावरचं फडकं खाली ओढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. जाताना बाईंनी मला विचारलं की मी पुण्याला येईन का, हाताला थोडी लव लावून बघू. मी आढेवेढे घेतले. आमच्याकडे दवाखान्याचं नाव काढलं की माणूस रानात जातो. डाग बघायला घरोघर फिरणाऱ्या ताई वाडीत यायच्या, तेव्हाही मी असाच रानात जायचो.

“तुम्ही यायलाच हवं, काका,” बाई म्हणाल्या. “मी जीप पाठवते.”

जीप. माझ्यासाठी. मी कुशाबाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. मी म्हटलं येतो, पण एक अट आहे. माझा मेहुणाही येणार आणि त्याच्याही हाताला लावायची. एकदाचं त्याच्या डोळ्यांसमोर, डॉक्टरांच्या हातून सिद्ध होऊ दे. माझ्या बायकोनं, चिमानं, रात्री भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, “जीप कुणी खाजेसाठी पाठवत नाय.” मी तव्यावरची भाकरी हातानंच उलटली आणि कालवणाचं भांडं चुलीवरून उघड्या हातांनी उतरवून तिला दिलं. घरातली सांडशी कुठे पडली होती ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी असताना तिची गरज पडत नसे. चिमा त्याबद्दल शेजारणीला सांगायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुण्याला गेलो. खोलीत आमच्यासारखेच आणखी काही जण बसले होते, बहुतेक कॉलेजची मुलं. बाईंनी सगळ्यांना समोर बसवून काय करणार ते समजावलं. तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी फक्त मान हलवत होतो आणि मान हलवताना इतरांकडे बघत होतो, त्यांना कळतंय का ते. त्या म्हणाल्या ते असं होतं. कुयलीची लव टोचते म्हणून खाजत नाही. तिच्यात एक रस असतो आणि तो रस कात्रीसारखा कापतो. आपल्या कातडीतल्या नसांच्या टोकांना बारीक बारीक कुलपं असतात. इतर कुलपांना किल्ली बाहेरून लागते. या कुलपांची किल्ली त्यांच्याच गळ्यात बांधलेली असते, वर झाकण असतं. रस झाकण कापतो, किल्ली सुटते आणि आपल्याच कुलपात जाऊन बसते. मग नस बोंब मारते आणि आपण खाजवतो. अंगावर पित्त उठतं त्याची खाज वेगळी, तिची गोळी या खाजेला लागू पडत नाही. आणि अशा कात्र्या एकट्या कुयलीकडे नाहीत, आपल्या रक्तातही आहेत. जखम झाली की रक्त गोठवताना त्या चालतात. कुणाचा इसब वर्षानुवर्षं चिघळतो, कुणाच्या रक्तवाहिनीत नको तिथे गाठ होते, कुणाला अंथरुणातल्या धुळीनं धाप लागते, या सगळ्यांत या कुलपांचा हात असतो. कात्री कशी अडवायची ते कळलं तर पुष्कळ लोकांचं भलं होईल.

कुशाबानं हात वर करून विचारलं की मळणीच्या धुळीनं त्याचा दमा उठतो, तोही यातलाच का. बाई म्हणाल्या, असू शकतो, धूळ तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तो माझ्याकडे बघून छाती फुगवून बसला, जणू दमा ही त्याची कमाई होती.

आज मी तीच गोष्ट वेगळी सांगतो. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती दोरी ओढतात. दोरीच्या टोकाला धोंडा टांगलेला, धोंड्याखाली रिकामा डबा. डुक्कर डबा वाजवत नाही. ते फक्त दोरी तोडतं. धोंडा आमचाच, डबाही आमचाच. धोंडा डब्यावर पडतो आणि माळ्यावर झोपलेला राखण्या उठून ओरडायला लागतो. पुढे बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मुलांना शिकवताना सांगेन. सांगितलं की नाही, देव जाणे.

आधी कुशाबाची पाळी आली. बाईंनी चिमट्यानं लवेचे थोडे केस त्याच्या हातावर दाबले आणि शेजारी अंगावर पित्त उठवणाऱ्या औषधाचा थेंब टाकून सुईनं टोचलं. आधी तो वाघासारखा बसला होता. मग त्याचा एक पाय हलू लागला. मग दुसरा. मग तो उठून खोलीभर फिरू लागला आणि शेवटी खुर्चीच्या पाठीला हात घासायला लागला, तेव्हा दोन विद्यार्थ्यांनी त्याला धरलं. किती खाजतंय ते दहापैकी सांगा, असं एका मुलीनं विचारलं. तो म्हणाला, “दहावर काय हाय?”

मी मांडी घालून हे सगळं पाहत होतो. इतकं सुख मला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा मी डावा हात पुढे केला. हाच माझा कमावलेला हात. कोपराखाली त्यावर एक फिकट चट्टा होता. बाईंनी विचारलं, हा केव्हापासून. मी म्हटलं शिबं आहे, उन्हानं होतं, बऱ्याच दिवसांचं आहे. पाठीवर, पायावर असे आणखी आहेत का, त्या म्हणाल्या. मी म्हटलं असतील. त्यांनी त्या चट्ट्यावरच लव लावली. त्याच चट्ट्यात जरा अंतरावर तसाच पित्त उठवणारा थेंब टाकून सुईनं टोचलं. मग दोन्हींकडे बघत बसल्या.

मला काहीच झालं नाही. मी कुशाबाकडे बघून ओठ हलवले. खैऱ्या, चांद्या, भिंगऱ्या.

कुशाबाच्या हातावर थेंबाभोवती तांबडं कडं उठलं होतं. माझ्या हातावर नुसती गांध आली, तांबडं काही नाही. बाईंनी एका विद्यार्थिनीला खुणेनं बोलावून ते दाखवलं. तिनं मान हलवली. मला वाटलं, थक्क झाल्या. बाईंनी मला आतल्या लहान खोलीत बोलावलं. मी कुशाबाला म्हटलं, बघ, आता मोठी परीक्षा. तो पाठोपाठ दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

बाईंनी मला डोळे मिटायला सांगितलं. कापसाचं टोक हाताला लावीन, लागलं की बोट ठेवून दाखवा, म्हणाल्या.

आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. बाहेर खाजलं नाही म्हणून मी जिंकलो होतो. म्हणजे इथे कापूस लागला नाही तर मी आणखी मोठा जिंकणार. काही ठिकाणी कापूस लागत होता, मनगटाजवळ, दंडाकडे. दारात कुशाबा उभा. माझ्या नावाचा प्रश्न. मी ठरवलं, काहीही झालं तरी लागलं म्हणायचं नाही.

“नाही,” मी म्हटलं.

थोडा वेळ गेला.

“नाही.” पुन्हा थोडा वेळ गेला. “नाही. हेही नाही.”

असं बरंच चाललं. मग बाईंच्या आवाजात मला हसू ऐकू आलं, पण ते हसू फार दमलेलं होतं.

“काका, लागतच नाही, तर ‘नाही’ केव्हा म्हणायचं ते तुम्हाला कसं कळतं?”

मी डोळे उघडले. दारातून कुशाबाचा हसण्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला, कारण बाई हसत नव्हत्या. त्यांनी कुशाबाला चहा सांगून यायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“आता खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ‘नाही’ म्हणालात तिथे लागत होतं. मध्ये मध्ये तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेव्हाही मी कापूस लावत होते.”

मला ते समजायला वेळ लागला. त्यांनी पेन घेतलं आणि पुन्हा कापूस लावत, मला खरं बोलायला लावत, माझ्या हातावर रेघ ओढली. कोपराखाली सुरू झालेली रेघ चट्ट्याला वळसा घालून करंगळीच्या बाजूनं खाली बोटांपर्यंत गेली. रेघेच्या आत मी मुका होतो.

“कुयली तुम्हाला चावत नाही असं नाही, काका. ती चावते. तुमच्यापर्यंत खबर पोचत नाही. इथल्या नसा आजारी आहेत, म्हणून थेंबाभोवती तांबडं कडंही उठलं नाही.”

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. कुष्ठरोग. आमच्याकडे ज्या नावानं तो ओळखला जातो ते त्यांनी घेतलं नाही, पण मला तेच ऐकू आलं. आमच्या वाडीला लागून असलेल्या वाडीतला एक माणूस शेवटची वर्षं गोठ्यात राहिला होता. त्याची भाकरी काठीनं आत सरकवायचे. मी लहानपणी तिकडे दगड मारला होता.

पुढचं त्या हळूहळू बोलल्या. औषध आहे, फुकट मिळतं, वर्षभर न चुकता घ्यायचं. सुरू केलं की काही दिवसांतच दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. रोग जाईल. हाताचं मात्र सांगता येत नाही. काही नसा परत जाग्या होतात, काही होत नाहीत. आणखी उशीर झाला असता तर बोटं वाकडी झाली असती, भाजून-कापून झडली असती. मला आठवलं, दोन-तीनदा चप्पल पायातून कुठे गळाली ते मला घरी येईपर्यंत कळलं नव्हतं. मी तेही लोकांना गमतीनं सांगायचो.

मी मूर्खासारखं विचारलं की मग त्यांच्या अभ्यासात माझा हात धरणार की नाही.

“अभ्यासाला माणसं पुरेशी होती,” बाई म्हणाल्या. “जीप काडीसाठी पाठवली. तुमच्या बोटांत विझली ना, तिच्यासाठी. तपासायला या म्हटलं असतं तर आला असता का?”

बाहेर कुशाबा दोन चहा घेऊन बाकावर बसला होता. पास का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं पास. त्यानं माझ्या हातावरची निळी रेघ पाहिली आणि चहा माझ्या उजव्या हातात दिला. जीप घाट चढू लागली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “दार नीट लागत नव्हतं, दाजी. आक्काला तुमी सांगनार का मी सांगू?”

मी म्हटलं, मी सांगतो. घरी पोचेपर्यंत मी वाक्य जुळवत होतो. शेवटी चुलीपुढे उभा राहून सरळ सांगून टाकलं. चिमा माझ्याकडे बघत नव्हती, कालवण ढवळत होती. मग ती उठली, माझं ताट उचललं आणि आतल्या अंधारात गेली. मला गोठा आठवला. आतून डबे-पेट्या सरकवल्याचा आवाज येत राहिला. मी उभाच होतो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात तेच ताट होतं आणि दुसऱ्यात कोळिष्टकं लागलेली सांडशी. ताट तिनं नेहमीच्या जागी ठेवलं. सांडशी माझ्या अंगावर फेकली.

“येवढी वर्सं मी शेजारनीला तुमचं कवतिक सांगितलं,” ती म्हणाली. “आता चुलीपाशी उगा हात घातलात तर खरंच भाजीन.”

मग ती रडली. मी सांडशी हातात धरून बसलो. ती नीट धरता येत नव्हती. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तिच्याभोवती वळत नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

वर्षभर औषध घेतलं. लघवी तांबडी झाली, अंग काळवंडलं. वाडीला सांगितलं, पुण्याचं रक्तशुद्धीचं आहे. त्यातलं अर्धं खरं होतं. कुयलीच्या टोळीत पुढे कुशाबा जाऊ लागला. लोक विचारायचे, दुंदा का येत नाही. कुशाबा सांगायचा, दाजींचा मंत्र पुण्याच्या बाईंनी विकत घेतला, आता त्यांना वापरता येत नाही. इतकं छान खोटं मला कधी सुचलं नव्हतं.

बाईंनी मध्ये एकदा छापील कागद पाठवला. त्यात बाईंनी त्या दिवशी काढलेला माझ्या हाताचा फोटो होता, निळ्या रेघेसकट, नाव नव्हतं. त्यात काय लिहिलंय ते वाचायचं म्हणून मी त्या वयात शाळेतल्या मास्तरांकडे अक्षरं शिकायला बसलो. पावसाळा सरला, हिवाळा सरला, वाचता येऊ लागलं. मोठ्या थाटात कागद काढला. त्यातलं एकही अक्षर ओळखीचं निघेना. मास्तरांनी सांगितलं की हे इंग्रजी आहे. पण तोवर मराठी आलेलं होतं, ते काही परत देता येईना.

औषधाला पुण्याला गेलो तेव्हा बाईंनी चिमाला शिकवून ठेवलं होतं की पुसट झालेली रेघ पुन्हा ओढायची आणि दर आठवड्याला कापूस लावून बघायचं, ती कुठे सरकते का. चिमानं थोडे दिवस कापूस लावला आणि मग फेकून दिला. कुशाबाला म्हणाली, “कापसाला हे फसिवत्यात. कुयलीला फसवून दाखवूदे.” तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ती पानात धरून लव आणायची आणि रेघेच्या आत टेकवायची. मी अंगणात बसून राहायचो. काही होत नसे. ती शेण तयार ठेवायची, ते वाळून जायचं. एकेकाळी याच गोष्टीवर मी वाडीभर मिरवलो होतो. आता ‘नाही’ म्हणताना मी चिमाच्या तोंडाकडे बघत नसे.

पुढच्या हंगामातली गोष्ट. औषध संपलं होतं. सोमवार होता. चिमानं लव टेकवली आणि ती शेळ्या सोडायला गेली. कुशाबा टोळी घेऊन निघाला होता, अंगणात पाणी प्यायला थांबला. मी त्याच्याशी व्यापाऱ्याबद्दल काहीतरी बोलत होतो. बोलता बोलता माझा उजवा हात डाव्यावर गेला. मी तो मागे घेतला. तो परत गेला.

चट्ट्याच्या खालच्या टोकाला, रेघेच्या आत, कुणीतरी निखारा ठेवून फुंकर घालत होतं. मग ते पसरलं. मी उभा राहिलो. बसलो. हात कुडाला घासला. मग जमिनीला घासला. टोळीतली सगळी माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. बायकांनी मुलांना पुढे केलं. ज्याला कुयली चावत नाही तो दुंदा भवारी अंगणात गडाबडा लोळत होता, आणि माझी इतक्या वर्षांची कीर्ती सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत मातीत चालली होती.

“दाजी,” कुशाबा पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाला, “मंत्र म्हना की.” त्याचे डोळे भरून आले होते, ते त्यानं धुळीवर ढकललं.

मी खरंच म्हटला. मोठ्यानं. खैऱ्या, चांद्या, भिंगऱ्या. काहीही फरक पडला नाही.

आरडाओरडा ऐकून चिमा शेळ्या तशाच सोडून धावत आली. तिनं मला पाहिलं, माझा हात पाहिला, आणि कोपऱ्यातलं शेण ओंजळीत घेऊन माझ्याजवळ बसली. मी हात मागे घेतला.

“थांब गं,” मी म्हटलं. “जरा खाजू दे.”